साकवाची रेघ

महाडच्या बाजारात गजानन मिस्त्री कोण म्हणून विचारलंत तर दहातले नऊ जण मान हलवतील. रेघवाला मिस्त्री म्हणा, चहा अर्धवट टाकून घरापर्यंत सोडायला येतील.

हे नाव मला पुराने दिलं. मी मूळचा बुलढाणा जिल्ह्यातला. आमच्याकडे पाण्याची खूण विहिरीत असते आणि ती दर उन्हाळ्यात खाली खाली जाते. पाणी घरात शिरून भिंतीवर खूण ठेवून जातं, हे मी इथे येऊन पाहिलं. सातवीत शाळा सोडली. त्यात कोणाचा दोष नाही, मला फळ्यासमोर उभं राहायची भीती वाटायची. पुण्याला हुसेनचाचांकडे लाकडाचं पॉलिश शिकलो. सावित्री नदीला तो मोठा पूर येऊन गेला तेव्हा चाचांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा महाडहून फोन आला, की घरातलं सगळं सागवान भिजलंय, कोणीतरी हात बसलेला माणूस पाठवा. चाचांनी मला पंधरा दिवसांसाठी पाठवलं. ते पंधरा दिवस अजून चालूच आहेत. बायकोमुलं इथे आली, रेशनकार्ड इथे आलं. ज्या गावाने ओळखपाळख नसताना मला जेवू घातलं, त्याच्याबद्दल लिहायला मिळतंय, याचा आनंद आहे. या अंकाच्या संपादकताईंच्या पुस्तकांच्या कपाटाचं पॉलिश मी केलंय. त्या ओळखीवर त्यांनी लिहा म्हटलं आणि माझं शुद्धलेखनही त्यांनीच सरळ केलं.

ज्यांच्या घरात पूर शिरलेला नाही त्यांच्यासाठी आधी धंदा सांगतो. पाणी घरात चढतं तेव्हा खूण राहत नाही. ते चढून थांबतं, काही तास हलत नाही, तेव्हा राहते. गाळाचं पाणी लाकडात मुरतं. पाणी गेलं, घर धुतलं, कपाट उन्हात ठेवलं, तरी एक रेघ उरते. रेघेच्या खाली लाकूड काळपट, वर मूळचं, आणि मध्ये मिठासारखी पांढरट कड. माणूस रोज कपाट उघडतो आणि रोज ती रेघ बघतो. ती काढायची म्हणजे जुनं पॉलिश काचेच्या तुकड्याने खरवडायचं, फार आत गेली असेल तर हलका रंधा मारायचा, मग तीन वेगवेगळ्या नंबरांचे पॉलिशपेपर एकामागून एक. त्यानंतर लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या पुचाऱ्याने हात द्यायचे, एकावर एक, एकावर एक. यातली खरी कला पॉलिशमध्ये नसते. वरचं लाकूड आणि खालचं लाकूड एकाच झाडाचं दिसायला लावणं, ही कला. चाचा म्हणायचे, तुझं काम कोणाला दिसलं तर ते काम झालंच नाही.

माझं काम दिसायचं नाही. एका निवृत्त मास्तरांनी मला सांगितलं होतं की बायको मुलीकडून परत यायच्या आत दिवाणाची रेघ गेली पाहिजे, ती बघून रडते. बाई आल्या, दिवाणावर बसल्या, आणि नवा कधी घेतला म्हणून मास्तरांवर चिडल्या. मास्तरांनी मला दारातून खूण केली, जा आता. असा मान मला शाळेत मिळाला असता तर मी शाळा सोडली नसती. दुसरं एक गिऱ्हाईक होतं, बाजारातले एक कापडवाले. त्यांनी सगळ्या फर्निचरची रेघ काढायला लावली, पण तिजोरीच्या खोलीच्या दाराला आतून हात लावू नको म्हणाले. मला वाटलं, माणूस विक्षिप्त आहे. दाराच्या बाहेरून आरसा आणि आतून चिखल, हे कसं दिसतं? मी दोनदा समजावलं. ते हसले आणि म्हणाले, राहू दे रे, ती माझी आहे. तेव्हाच मला दोन पैशांची अक्कल यायला हवी होती. आली नाही.

माझा स्वभाव काळजीखोर आहे हेही सांगून टाकतो. काम संपवून निघालो की अर्ध्या वाटेवरून परत जातो. हात लावून बघतो, पॉलिश चिकट तर नाही ना. आमची मंडळी म्हणते, लाकूड वाळतं त्याच्या आधी तुम्हीच वाळता. पण या स्वभावामुळे माझ्या हातून कधी कोणाचं नुकसान झालं नव्हतं. बंगल्याचं काम येईपर्यंत.

महाडहून पोलादपूरला जाताना हायवे सोडून नदीकडे उतरलं की लाकूडवाल्यांचा बंगला लागतो. मालकांचे पणजोबा सागवानाचे व्यापारी. त्यांनी काळ्या दगडाच्या जोत्यावर दोन मजले उभे केले, ते जवळजवळ सगळे सागाचे. खांबांवर वेली, जिन्याच्या कठड्यावर मोर, आणि मागे नदीपर्यंत उतरत जाणारी बाग. बागेत बकुळ, सुरंगी, जांब, आणि दगडी पायऱ्यांची वाट. वाटेच्या शेवटी खालचं दार. दार म्हणजे दोन जाडजूड सागाचे खांब, वर छोटं कौलारू छप्पर, आणि पलीकडे पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. आताचे मालक वसंतशेठ मुंबईत असतात, गणपतीला येतात. बंगल्याला लागून नदीच्या वळणावर एक आळी आहे, तीस-पस्तीस घरांची. तिला खालची आळी म्हणतात.

त्या वर्षी मुंबईच्या एका ट्रस्टने ठरवलं की खोऱ्यातल्या वाड्यांसाठी फिरता दवाखाना घ्यायचा आणि त्यासाठी बंगल्यात शोहाऊस करायचं. मी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्याची रीत अशी. एकेक खोली एकेका डिझायनरला द्यायची. त्यांनी ती आपल्या डोक्याने, आपल्या हौसेने सजवायची. सोफे, दिवे, गालिचे कंपन्या उसने देतात. मग दहा-बारा दिवस लोक तिकीट काढून बघायला येतात, तिकिटाचे पैसे दवाखान्याला. नंतर उसनं सगळं ट्रकात घालून परत. आळीतल्या लोकांना हे काही केल्या पटेना. राहायचं नाय तर सजवायचं कशाला, असं एकाने मला विचारलं. मी म्हणालो, मुलगी बघायला पाहुणे येतात तेव्हा आपण नाही का घर सारवत? तो म्हणाला, पन तिकीट नाय लावत.

बाग आणि खालचं दार तन्वी मॅडमच्या वाट्याला आलं होतं. पुण्याच्या, तिशीच्या, दिवसभर पायात गमबूट. चाचांनी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. मला त्यांनी खालच्या दाराशी नेलं आणि म्हणाल्या, गजाननदादा, हे खांब बघा, किती सोसलंय यांनी. मला आतलं सागवान बाहेर आलेलं हवंय.

मी बघितलं. पाणी लागून लागून खांब राखाडी झाले होते. उजव्या खांबावर गुडघ्यापासून छातीपर्यंत आडव्या रेघा होत्या. काही कोरलेल्या, काही गेरूच्या, काही नुसत्या ओरखड्यासारख्या. मला काय दिसलं असेल? रेघा दिसल्या. जे काम मला येतं ते समोर उभं होतं. कोणाला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही, कारण रेघ ठेवायची की काढायची असा प्रश्न माझ्या धंद्यात नव्हताच. नऊ दिवस मी त्या दोन खांबांवर घालवले. रंधा मारला, काच चालवली, पेपर फिरवला. थंडीचे दिवस होते म्हणून पॉलिशनेही साथ दिली. पावसाळ्यात हेच काम केलं असतं तर दमट हवेने ते पांढरं फटक पडलं असतं. शेवटचा हात दिला तेव्हा खांब मधासारखा दिसत होता. आयुष्यात मी यापेक्षा चांगलं काम केलेलं नाही. हे आज लिहितानाही खरं आहे, आणि तेच जरा अवघड आहे.

उद्घाटनाला चार दिवस होते. मॅडमना दारासमोरचं अंगण शेणाने सारवलेलं हवं होतं, म्हणून आळीतून सुमनवहिनींना बोलावलं. सुमनवहिनींची आळीत पिठाची गिरण आहे. नवरा सुरेश मुंबईत इमारतींच्या रंगाचं काम करायचा, परांचीवरून पडला तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही. गिरण वहिनी एकट्या चालवतात. दोन महिने बंगल्याभोवती पत्रे लावलेले होते, पहारेकरी आळीच्या कोणाला आत सोडत नव्हता. त्यामुळे काम सुरू झाल्यावर खालचं दार त्यांनी त्या दिवशीच पाहिलं.

शेणाची बादली खाली ठेवून त्या खांबासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, पॉलिश बघतायत.

"मिस्त्री, हितल्या रेघा कुठं हायत?"

मी फुशारकीने म्हणालो, "काढल्या. आता शोधून दाखवा."

त्यांनी खरंच शोधलं. तळहात खांबावरून वरून खाली फिरवला, मग नख फिरवलं. मग पायरीवर बसल्या.

"आता तुमीच शोधा," त्या म्हणाल्या. "पावसात माझ्या नवऱ्याला घरातनं कधी भायेर काढायचा, ते ह्या लाकडावर लिवलेलं व्हतं."

त्यांनी सांगितलं ते असं. आळीतून हायवेला जायला एकच रस्ता, ओढ्यावरच्या साकवावरून. साकव म्हणजे लहानसा पूल. नदी चढली की ओढ्यात पाणी तुंबतं आणि साकव बुडतो. तो बुडला की आळीचं बेट होतं. धडधाकट माणसं माळ्यावर चढून बसतात. सुरेशला माळ्यावर चढवता येत नाही. साकव बांबूच्या बेटामागे वळणावर आहे, आळीतून दिसत नाही. बंगल्याचं खालचं दार मात्र आळीच्या कोपऱ्यावरून दिसतं. तेव्हा जुन्या लोकांनी पूर बघून बघून या खांबावर एक रेघ मारून ठेवली होती. पाणी त्या रेघेला टेकलं की समजायचं, साकव बुडायला अर्धा तास उरला. ज्याला न्यायचं त्याला उचला आणि निघा. मोठ्या पुरात आळीतली आजारी माणसं त्या रेघेवर निघाली होती. सुरेशही. बाकीच्या रेघा कुठल्या कुठल्या पुरांच्या, त्यांच्या खुणा घराघरांत होत्या. साकवाची रेघ तेवढी या एका खांबावर.

मी विचारलं, साकवापाशीच जाऊन बघितलं तर? त्या म्हणाल्या, पावसात तिथं उभं कोण राहणार, फोनला रेंज नाय, आणि साकवावर पाणी दिसलं म्हणजे वेळ गेलेली असते.

मी खांबाकडे बघत राहिलो. तिरपा उजेड पाडला, ओलं फडकं फिरवलं, नाकाला लाकूड लावून बघितलं. काहीही नव्हतं. चाचांनी शिकवल्याप्रमाणे कुठे काही दिसत नव्हतं.

आता खरं सांगायचं तर त्या वेळी एक गोष्ट मनात आली. वहिनींशिवाय कोणाला कळलेलं नाही. चार दिवसांत उद्घाटन, दहा दिवसांत सगळं बंद, आणि मी माझ्या खोलीवर. पाऊस जूनमध्ये. कोणी विचारलं तर मॅडमनी सांगितलं म्हणून काढलं. हे सगळं मी एका मिनिटात जोडलं. भित्र्या माणसाचं डोकं फार लवकर चालतं. पण वहिनी मला शिव्या देत नव्हत्या. त्यांनी बादली उचलली आणि अंगण सारवायला घेतलं, कारण ते काम अंगावर घेतलेलं होतं. तेवढंच बघून मी वर मॅडमकडे गेलो.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, दादा, काढा मीच म्हणाले होते, चूक निम्मी माझी. पण परत कशी आणायची? ट्रस्टच्या बाईंनी वसंतशेठना फोन लावला. मला वाटलं, आता आपलं संपलं, पणजोबांच्या खांबाला रंधा लावला म्हणून हा माणूस मला महाडात उभं राहू देणार नाही. वसंतशेठ फोनवर म्हणाले, रेघ आमच्या घरच्यांनी मारलेली नाही, आळीने मारली आहे. मला काय विचारता, आळीला विचारा.

संध्याकाळच्या आत आळी बंगल्यात जमली. पहारेकऱ्याने पहिल्यांदाच फाटक पूर्ण उघडलं. प्रत्येकाला रेघ आठवत होती आणि प्रत्येकाची वेगळ्या जागी. एक म्हणे छातीला, एक म्हणे कमरेला. एकाने मॅडमना बाजूला करून आपलं पोट दाखवलं, इथं. दुसरा म्हणाला, "तुजं पोट तवा हितं नव्हतं." हशा झाला. मला हसू येत नव्हतं. तीन बोटं इकडे की तिकडे, यावर एक माणूस माळ्याखाली अडकायचा की नाही ते ठरणार होतं.

हे भांडण पांडू गवंड्याने थांबवलं. पांडू पोलादपूरकडचा. बंगल्याच्या जोत्याच्या दगडांमधल्या दरजा भरायला आला होता, आणि तोपर्यंत माझ्याशी त्याचं फारसं पटत नव्हतं. पॉलिशवाले म्हणजे सावलीत काम करणारे, असं त्याचं मत. तो म्हणाला, आठवायचं कशाला, साकव जागेवर हाय ना? तिथली उंची हितं आणू.

बांधकामावर सगळीकडे असते ती साधी पारदर्शक नळी त्याने आणली. आत पाणी भरायचं, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. नळीची दोन टोकं दोन माणसांनी कितीही लांब धरली तरी दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. घराचा पाया, चौकट, फरशी, सगळं याच्यावर चालतं. मी विचारलं, पण नदीचं पाणी तर उतारावर असतं, ते इथे आणि साकवाला एका पातळीत कसं येईल? भीतीने का होईना, प्रश्न बरा विचारला असावा. पांडूने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं.

"वाहतं पानी सपाट नसतं," तो म्हणाला. "तुंबलेलं सपाटच. हितं आनि साकवाला एकच तुंब हाय. ताटाच्या कडा दोन, पन आमटी एकच."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू केलं. साकवापासून खालच्या दारापर्यंत नळी एका दमात पुरणार नव्हती. साकवाच्या स्लॅबशी वहिनींनी टोक धरलं, दुसरं टोक पांडूने बांबूच्या बेटात खुंटी ठोकून तिच्यावर खूण केली. तिथून पुढची खुंटी, मग बागेच्या गडग्याचा, म्हणजे कुंपणाच्या रचीव भिंतीचा, दगड, मग जांबाचं खोड, आणि मग खांब. खांबाशी मी. नळीतलं पाणी खालीवर डुलत राहायचं आणि मी श्वास धरून बसायचो. पांडू बांबूतून ओरडायचा, मिस्त्री, पानी थांबलं का तुमी थांबलात? खांबावर पेन्सिलची खूण झाली. मी म्हणालो, परत करू. कोणी कुरकुर केली नाही. दुसऱ्या वेळी खांबापासून साकवाकडे, उलटं गेलो. पहिल्या खुणेत आणि या खुणेत एका बोटाचा फरक आला. आम्ही खालची धरली.

ही झाली साकवाच्या स्लॅबची उंची. रेघ तिच्याखाली किती? अर्धा तास आधी म्हणजे किती? यावर पुन्हा आळी बोलू लागली. एक म्हणाला चार बोटं, एक म्हणाला हातभर. हातभर धरली तर दर पावसाळ्यात आठ वेळा माणसं उचलावी लागतील आणि मग कोणी रेघेला मानणार नाही. चार बोटं धरली तर... ते वाक्य कोणी पुरं केलं नाही. शेवटी सगळे वहिनींकडे बघायला लागले. मोठ्या पुरात सुरेशला घेऊन रेघेवर निघालेल्या त्याच होत्या. त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, आमी निघालो, खुर्ची दोघांनी धरलेली, साकवावर पोचलो तवा पानी स्लॅबच्या खाली बोटभर व्हतं. मागनं येणाऱ्याचे पाय भिजले. तेवढ्या वेळात पाणी किती चढलं असेल ते त्यांनी हवेत हाताने दाखवलं. एक वीत.

"वीत धरा," त्या म्हणाल्या. "पन माझी नको. पांडूदादाची धरा."

पांडूची वीत म्हणजे विटेएवढी. त्याने पंजा खांबावर पसरला, अंगठा पेन्सिलच्या खुणेवर, करंगळी खाली. करंगळीपाशी मी नवी खूण केली.

आता ती कोरायची. मॅडमनी हळूच विचारलं, पितळेची बारीक पट्टी बसवूया का? आळीतल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, पितळ चोरीला जातं, खाच कोणी नेत नाय. मी पटाशी घेतली. इतकी वर्षं मी रेघा पुसत होतो, एकही ओढली नव्हती. नऊ दिवसांच्या पॉलिशवर पहिला घाव घालायच्या आधी मी खूण तीनदा तपासली, शेवटी पांडूनेच हातोडा माझ्या हातात दिला. रेघ आडवी, खोल, हातभर लांब कोरली. वहिनींनी तिच्यात गेरू भरला.

तीन दिवसांनी शोहाऊस उघडलं. मुंबई-पुण्याहून गाड्या आल्या. लोकांनी वरच्या मजल्यावरचे पलंग बघितले, दिवाणखान्यातलं काचेचं झुंबर बघितलं, आणि बागेतून खाली उतरून खालच्या दाराशी फोटो काढले. एका बाईंनी मला विचारलं की एवढ्या सुंदर खांबावर ही एकच लाल रेघ, ही कल्पना कोणाची? मी म्हणालो, गिरणवाल्या बाईंची. त्यांनी वहीत लिहून घेतलं. मग ठरल्या दिवशी सोफे, दिवे, गालिचे ट्रकात बसून गेले. दवाखान्याची गाडी उन्हाळ्यात आली. आता ती शिवथरपासून वरंधपर्यंत फिरते. माझं काम झालं होतं. मला शाबासकी मिळाली होती, चाचांचाही फोन आला होता.

पण माझा जीव त्या रेघेत अडकलेला. नळी खोटं बोलत नाही हे कळत होतं. पण तुंब खरंच सपाट असतो का? वीत पुरेल का? स्लॅबखाली झाडोरा अडकला तर? मार्च, एप्रिल, मे, मी गिऱ्हाइकांची कपाटं करायचो आणि डोळ्यांसमोर तो खांब. मंडळी म्हणाली, आता पावसाळ्याआधी एकदा वाळून घ्या.

जुलैत तिसऱ्या दिवशीही पाऊस थांबला नाही, तेव्हा सकाळीच मी रेनकोट घालून बंगल्यावर गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. पांडूही आलेला. त्याने टेम्पो आळीच्या कोपऱ्यावर लावून ठेवला होता, म्हणाला, सहज आलोय. बागेच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या. मी बकुळीखाली उभा राहिलो. पाणी गढूळ, पानं आणि काटक्या घेऊन संथ वर येत होतं, खांबाभोवती फिरत होतं. पॉलिश तिथे काय टिकणार होतं! मला त्याचं काही वाटलं नाही, याचं मात्र आश्चर्य वाटलं.

फोन चालत नव्हते. म्हणून या पहिल्या खेपेला, नवी रेघ पारखायला, माणसं उभी केली होती. साकवापाशी एक, बांबूत एक, गडग्याशी एक, आणि खांबाशी मी. दुपारचे बारा वाजले असतील. पाणी रेघेला टेकलं. गेरूवर ओल चढली. मी ओरडलो, टेकलं. गडग्याने बांबूला सांगितलं, बांबूने साकवाला. मग साकवाकडून उत्तर यायचं होतं. ते मिनिट मी कधी विसरणार नाही. उत्तर बांबूतून आलं, मग गडग्यावरून, तेच शब्द तीन वेगळ्या आवाजांत: वीतभर हाय अजून.

टेम्पो निघाला. सुरेश मागे खुर्चीवर बसलेला, वहिनी छत्री धरून, आणखी दोन म्हातारी माणसं, एक बाळंतीण. मी पायऱ्या चढून आळीतून पळत मागे गेलो. मी साकवावर पोचेपर्यंत टेम्पो पलीकडे चढावर होता. मी चालत साकव ओलांडला, कोरड्या पायांनी. मग पलीकडे उभा राहून स्लॅब बुडताना बघितला. पांडूने घड्याळात बघितलं. टेकल्यापासून बुडेपर्यंत पाऊण तास होत आला होता.

हायवेच्या बाजूच्या शाळेत आळीची माणसं उतरली होती. मी ओल्या रेनकोटनेच दारात पोचलो. सुरेश बाकावर टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "मिस्त्री, रेघ जरा वर मारली असतीत तर घरचा चहा पिऊन निघालो असतो की हो. हितं कोरा देतायत."

सगळे हसले. मीही हसलो आणि मग माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. पांडूने माझ्या हातात कोरा चहा दिला. मला सुचलं ते मी बोलून गेलो, की पूर उतरला की दोन बोटं वर घेतो, सुरेशभाऊंचा चहा होईल.

वहिनी छत्री झटकत होत्या. वळल्या.

"त्या रेघेला आता हात लावायचा नाय. सांगून ठेवते."

नाही लावला. त्या खांबांचं पॉलिश मी दर दिवाळीआधी करतो, कोणी सांगत नाही, माझं मीच. पूर त्यावरचं सगळं धुऊन नेतो, मी परत चढवतो. खालून सुरू करतो आणि रेघेच्या खाली चार बोटांवर थांबतो, मग रेघेच्या वर चार बोटांवर परत सुरू करतो. मधला पट्टा राखाडी, ओबडधोबड, लांबून दिसतो. चाचा आज असते तर म्हणाले असते, गजानन, काम दिसतंय.